श्वास मोजायला डॉक्टर लागत नाही

मागच्या अंकात आपण प्लॉटच्या दाव्यांबद्दल लिहिलं होतं. दंडाच्या पावत्या कशा जपायच्या, म्हाताऱ्या माणसांचे जबाब कसे घ्यायचे, किती वर्षांपासून जमीन कसतोय हे कसं दाखवायचं, हे सगळं त्यात होतं. या वेळी आम्ही पोरांच्या खोकल्यावर लिहितोय. काही जण म्हणतील, संघटनेच्या कागदात खोकला कशाला? त्यासाठी सरकारी दवाखाना आहे, नर्सबाई आहे. आम्ही पण आधी असंच म्हणत होतो. पण या आवणीत दोन घरांत जे झालं, ते बघितल्यावर गप्प बसणं बरोबर वाटलं नाही. त्यातल्या एका घरात चूक आमची पण आहे. ती आधी सांगतो.

आवणी चालू होती. आम्ही दोघे कार्यकर्ते दाव्याच्या अर्जावर अंगठे घेत पाड्यात फिरत होतो. एका घरी बाई नुकतीच शेतावरून आली होती, पाय चिखलात भरलेले. ओटीवर झोळी टांगलेली, झोळीत चार महिन्यांची पोर. म्हातारी झोका देत होती. आम्ही विचारलं, "पोर बरी हाय ना?" म्हातारी म्हणाली, "दोन दिस झोपूनच हाय. रडं नाय, दूध पण पेत नाय बरोबर." ताप आहे का, तर नाही. खोकला आहे का, तर थोडा. आम्ही म्हटलं, "दवाखान्यात दाखवा हां." म्हातारीने मान हलवली. आम्ही अर्ज काढला, अंगठा घेतला, पॅड पिशवीत टाकलं आणि पुढच्या घरी गेलो.

दुसऱ्या रात्री पोरीचं पोट उडायला लागलं. भगताने दोरा बांधला. पहाटे बापाने झोळीत घालून पावसात रस्त्यापर्यंत आणली. एसटी उशिरा आली. आरोग्य केंद्रात पोचले तर डॉक्टर मिटिंगला गेलेले. पुढे मोठ्या दवाखान्यात न्या म्हणून सांगितलं. टमटम बघेपर्यंत पोर गेली. कागदावर लिहिलं, "सर्दी-ताप". ताप तर तिला आलाच नव्हता.

आम्ही त्या ओटीवर पाव तास बसलो होतो. आमच्या हातात घड्याळ होतं. पोरीचं झबलं वर करून एक मिनिट श्वास मोजला असता, तर तेव्हाच कळलं असतं की ही झोप नाही, हा आजार आहे. त्या वेळी दिवस होता, पाऊस थांबलेला होता, आणि डॉक्टर केंद्रात होते. आम्हाला मोजता येत नव्हतं असं पण नाही. दोन वर्षांपूर्वी एका शिबिरात शिकलो होतो. पण आम्ही अर्जाला आलो होतो ना! पोराचा श्वास बघणं हे आपलं काम आहे, असं आमच्या डोक्यातच नव्हतं.

आता दुसरं घर. तिथे पोरगा दोन वर्षांचा. नाकातून शेंबूड, रात्री खोकला, अंग थोडं गरम. पण दिवसा अंगणात कोंबडीच्या मागे धावत होता, भात खात होता. पाच दिवस झाले तरी खोकला जात नाही म्हणून बाप त्याला बाजाराच्या गावी खाजगी डॉक्टरकडे घेऊन गेला. तिथे सुई टोचली, दुसऱ्या दिवशी परत सुई, तिसऱ्या दिवशी सलाईन लावली. वर दोन बाटल्या औषध. सगळे मिळून साडेचारशे रुपये झाले. घरात पैसा नव्हता. बापाने वीटभट्टीच्या मुकादमाकडून उचल घेतली. पोर बरा झाला. तो तसाही बरा झालाच असता, कारण त्याला साधी सर्दी होती. पण उचल फेडायला दिवाळी झाली की पूर्ण घर भट्टीवर जाणार. आपल्या प्लॉटची मोजणी पण दिवाळीनंतरच आहे. मोजणीवाले बांधावर उभे राहतील तेव्हा हा माणूस दुसऱ्याच्या जमिनीवर विटा पाडत असेल.

म्हणजे ज्या पोराला औषध पाहिजे होतं त्याला मिळालं नाही, आणि ज्याला नको होतं त्याच्या अंगात साडेचारशे रुपयांचं औषध गेलं. पहिल्या घरात पोर गेली, दुसऱ्या घराची जमीन जायची वेळ आली. दोन्ही ठिकाणी कारण एकच: कोणता खोकला साधा आणि कोणता मारणारा, हे ओळखणारं माणूस पाड्यात नव्हतं. म्हणून आम्ही म्हणतो, हा विषय संघटनेचा आहे.

साधी सर्दी आणि न्यूमोनिया

पोरांना सर्दी-खोकला होतो तो बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतो. हे डोळ्यांना न दिसणारे, फार बारीक जंतू. शिंकेतून, खोकल्यातून, शेंबडाच्या हातातून एका पोराकडून दुसऱ्याकडे जातात. लहान पोराला वर्षात पाच-सहा वेळा सर्दी होणं यात काही नवल नाही. शहरातल्या श्रीमंतांच्या पोरांना पण होते. नाक वाहतं, खोकला येतो, दोन-तीन दिवस ताप येतो. ताप आधी जातो, खोकला मागे रेंगाळतो, कधी दोन आठवडे. या विषाणूंवर आपल्या नेहमीच्या जंतूनाशक गोळ्या चालत नाहीत. सुई पण चालत नाही, सलाईन तर अजिबात नाही. सलाईन म्हणजे मीठ नाहीतर साखर घातलेलं पाणी. जे पोर तोंडाने पिऊ शकतं त्याला ते शिरेतून द्यायची गरज नाही. सर्दीचं पोर शरीराच्या स्वतःच्या ताकदीने बरं होतं. आपण त्याला ऊब द्यायची, आईचं दूध जास्त वेळा पाजायचं, मोठं असेल तर कोमट पाणी, पेज द्यायची, आणि दूध पिण्याआधी मऊ कापडाच्या ओल्या वातीने नाक साफ करायचं. नाकात तेल सोडायची काही घरांत रीत आहे. ती सोडून द्या. तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरतं आणि बरं पोर आजारी पडतं.

न्यूमोनिया म्हणजे आजार छातीत, फुप्फुसात उतरला. फुप्फुस हे आपलं हवेचं पोतं आहे. त्यात सूज आणि पू-पाणी भरलं की एका श्वासात पुरेशी हवा येत नाही. मग पोर काय करतं? श्वास जास्त वेळा घेतं. म्हणून न्यूमोनियाची पहिली खूण म्हणजे श्वास जलद होणं. हा आजार कधी विषाणूंमुळे होतो, कधी जिवाणूंमुळे. बऱ्याच वेळा आधी विषाणूची सर्दी नाहीतर गोवर येतो, पोराची ताकद कमी होते, आणि त्या वाटेने जिवाणू आत शिरतात. गोवर गेला, पुरळ उतरलं म्हणून आपण सुटलो असं समजतो. पण गोवर झालेलं पोर पुष्कळदा पुरळाने नाही, मागून आलेल्या न्यूमोनियाने मरतं. नवव्या महिन्यातली गोवराची लस चुकवू नका, ती याच्यासाठी.

आता कोणी विचारेल, विषाणूचा न्यूमोनिया की जिवाणूचा, हे पाड्यात कसं कळायचं? नाही कळत. एक्स-रे काढून मोठ्या डॉक्टरला पण खात्रीने सांगता येत नाही. नाकातलं पाणी तपासून विषाणू शोधायच्या प्रयोगशाळा मोठ्या शहरांत आहेत, पण उत्तर येईपर्यंत आपलं पोर थांबणार नाही. म्हणून जगभर एक साधा नियम ठरवला आहे. खोकला आहे पण श्वास जलद नाही, तर ती सर्दी, गोळी नको. श्वास जलद आहे, तर जिवाणूचा न्यूमोनिया असू शकतो असं धरून जंतूनाशक गोळी सुरू करायची, उशीर करायचा नाही. काही पोरांना, ज्यांना विषाणूचाच आजार होता, त्यांना गोळी उगाच मिळेल. ते चालेल. ज्याला पाहिजे होती त्याला नाही मिळाली, ते चालणार नाही.

मोजायचं कसं

हे नीट वाचा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

पोर शांत असताना मोजा. रडत असेल, दूध पीत असेल तर थांबा. आईच्या मांडीवर असू दे. झबलं वर करा, म्हणजे पोट आणि छाती दिसेल. पोट वर आलं की एक. सेकंदकाटा असलेलं घड्याळ घ्या आणि पूर्ण एक मिनिट मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, कारण तान्हं पोर मध्येच थांबतं, मध्येच भरभर घेतं. अंगात ताप फार असला तर श्वास थोडा वाढतो, म्हणून ताप उतरल्यावर परत एकदा मोजा. पण ताप उतरायची वाट बघत दवाखाना लांबवू नका.

२ महिन्यांपेक्षा लहान पोर: मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास म्हणजे जलद. परत एकदा मोजा. दुसऱ्यांदा पण ६० किंवा जास्त आले तर घरी काही करायचं नाही, सरळ दवाखाना. एवढ्या लहान पोराला पाड्यात ठेवून चालत नाही.

२ महिन्यांपासून १ वर्षापर्यंत: ५० किंवा जास्त म्हणजे जलद.

१ वर्षापासून ५ वर्षांपर्यंत: ४० किंवा जास्त म्हणजे जलद.

आकड्यापेक्षा मोठ्या अशा काही खुणा आहेत. श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग, बरगड्यांच्या खाली, आत ओढला जातो का बघा. नेहमी श्वास घेताना पोट आणि छाती दोन्ही वर येतात. आजार वाढला की पोट वर येतं आणि बरगड्यांखालचा भाग आत खचतो. यालाच आपल्याकडे पोट उडतंय म्हणतात, कोणी डबा झाला म्हणतं. आपल्या आज्या-पणज्यांना ही खूण माहीत होती, नाव पण त्यांनीच दिलं. ही खूण दिसली, पोर दूध ओढत नसलं, सगळं ओकून टाकत असलं, झोपेतून उठवून उठत नसलं, झटके आले, शांत असताना श्वास घेताना घशातून आवाज येत असला, ओठ निळे झाले, तर मोजत बसू नका. त्याच घटकेला निघा.

आणि एक. जे पोर आधीच फार वाळलेलं आहे, हातापायाच्या काड्या झालेल्या आहेत, त्याच्या अंगात ताप आणायची पण ताकद नसते. त्याला खोकला येत नाही, कधी श्वास पण पन्नासच्या वर जात नाही. ते नुसतं गप्प होतं. अशा पोराच्या बाबतीत आकड्यावर विसंबू नका. गप्प झालं की न्या. झोळीतली ती पोर गप्पच झाली होती.

हे कोणी शोधलं

ही गोष्ट शहरातल्या मोठ्या इस्पितळात नाही सापडली. पापुआ न्यू गिनी नावाचा देश आहे, डोंगर आणि जंगलाचा, आपल्यासारखीच माणसं, डोंगरावर कंदमुळं लावून राहणारी. तिथल्या गोरोका गावच्या दवाखान्यात फ्रँक शान नावाचे डॉक्टर होते. सुमारे १९८० नंतरच्या त्या वर्षांत त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी बघितलं की पोराच्या छातीला नळी लावून ऐकण्यापेक्षा नुसता श्वास मोजला आणि छाती आत जाते का बघितलं, तर न्यूमोनिया जास्त चांगला ओळखता येतो. हे काम दवाखान्यातला साधा कामगार पण करू शकतो. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने हीच रीत सगळ्या गरीब देशांसाठी घेतली.

आणि आपल्याच महाराष्ट्रात, गडचिरोलीत, डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ही रीत गावात नेली. ५८ गावांत त्यांनी गावातल्याच माणसांना न्यूमोनिया ओळखायला आणि गोळी द्यायला शिकवलं. त्यात सुईणी पण होत्या. शेजारच्या ४४ गावांत नेहमीसारखंच चालू ठेवलं आणि दोन्हींची तुलना केली. १९९० साली ते छापून आलं. गावातल्या माणसांनी ६१२ वेळा न्यूमोनियाच्या पोरांवर उपचार केले, त्यात मरणाचं प्रमाण शंभरात एकाहून कमी होतं. दुसऱ्या गावांत न्यूमोनिया झालेल्या शंभरातली तेरा-चौदा पोरं मरत होती. हा फरक मोठ्या यंत्राने नाही पडला. श्वास मोजणारं माणूस आणि एक स्वस्त गोळी, एवढ्याने पडला.

ज्या सुईणींना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हतं, त्यांच्यासाठी गडचिरोलीत एक साधन बनवलं. एका लाकडी चौकटीत वाळूचं घड्याळ आणि बाजूला तारेत ओवलेले मणी. वाळू सोडायची, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आधी मणी संपले तर न्यूमोनिया. अंगठा उठवणारी बाई हे करू शकते. मग कोणी म्हणू नये की हे शिकलेल्याचंच काम आहे. आपल्याला 'तुम्हाला काय कळतं' हे वाक्य कचेरीत ऐकायची सवय आहे. जमिनीच्या बाबतीत पण तेच ऐकलं होतं. सात-बारा वाचायला वकील लागतो म्हणत होते. आज आपल्या पाड्यातली दहावी नापास पोरं सात-बारा वाचतात आणि तलाठ्याची चूक दाखवतात.

भगत, सुईवाला डॉक्टर आणि आपण

भगताकडे जाऊ नका असं आम्ही म्हणत नाही. भगत रात्री बारा वाजता बोलावलं तरी येतो. डॉक्टर दिवसा पण भेटत नाही. लोक भगताकडे का जातात याचं उत्तर आधी आरोग्य खात्याने द्यावं. पण एक गोष्ट आपल्या आपल्यात स्पष्ट बोलली पाहिजे. पोट उडायला लागलं म्हणून पोराच्या पोटावर तापलेल्या विळ्याने, सळईने डाग देतात, ते बंद झालं पाहिजे. आजार फुप्फुसात आहे. पोटावर भाजल्याने तो जात नाही. आधीच श्वासाला दमलेलं पोर त्या दुखण्याने अजून खचतं, जखम पिकते. आमची आपल्या भगतांना विनंती आहे: दोरा बांधा, मंत्र घाला, पण आधी श्वास मोजायला लावा, आणि जलद असेल तर तुमच्याच तोंडाने सांगा की आता दवाखाना. तुमचा शब्द लोक ऐकतात, आमचा कमी ऐकतात. दोन पाड्यांतले भगत तयार झाले आहेत. ते मोजायला शिकायला बैठकीला येणार आहेत.

सुईवाल्या डॉक्टरबद्दल पण बोलू. तो सुई देतो, कारण आपण सुई मागतो. सुई नाही दिली तर 'हा डॉक्टर चांगला नाय' असं आपणच म्हणतो. त्याला पैसा पाहिजे, आपल्याला टोचल्याचं समाधान पाहिजे. त्यात जमीन गहाण पडते. पुढच्या वेळी सर्दीचं पोर घेऊन जायच्या आधी श्वास मोजा. जलद नसेल, पोर खात-पीत असेल, खेळत असेल, तर ते पैसे घरात राहू द्या. त्यातली अंडी त्याच पोराला खायला घाला. मात्र रोज दोनदा मोजा, कारण आजची सर्दी उद्या छातीत उतरू शकते. खोकला दोन आठवड्यांहून जास्त चालला तर दवाखान्यात दाखवा, तो दुसरा आजार असू शकतो. घरात कोणाला क्षय असेल तर लगेच सांगा.

न्यूमोनिया म्हटलं की भूक संपत नाही

आता सगळ्यात महत्त्वाचं. काही सोबती आम्हाला म्हणाले, तुम्ही न्यूमोनिया न्यूमोनिया करू नका, सरकारला तेच पाहिजे. त्यांचं म्हणणं खोटं नाही. १९९२ साली आपल्या जव्हार तालुक्यात वावर-वांगणीत पोरं मेली, वर्तमानपत्रं भरून गेली. मग मेळघाटातून तशाच बातम्या आल्या, गोष्ट हायकोर्टापर्यंत गेली. प्रत्येक वेळी वरून एकच उत्तर येतं: ही पोरं भुकेने मेली नाहीत, आजाराने मेली. कागदावर न्यूमोनिया, जुलाब, गोवर असं लिहिलं की भूक पुसली जाते. भूक पुसली की रेशन, खावटी, रोजगार हमीची मजुरी, प्लॉटची जमीन, कशाचाच जबाब द्यायला लागत नाही.

पण म्हणून आपण आजाराचं नाव घ्यायचंच नाही का? आम्हाला ते पटत नाही. पोट भरलेल्या पोराला पण सर्दी होते, कधी न्यूमोनिया पण होतो. ते पुष्कळदा उठून बसतं. उपाशी पोर उठत नाही. गरोदर बाई शेवटच्या दिवसापर्यंत डोक्यावर माती वाहते, पोर कमी वजनाचं जन्मतं. आई आवणीला जाते, दूध तुटतं. घरात एकच खोली, त्यातच चूल, त्यातच धूर. भट्टीवर तर उघड्यावर झोपडं, वर थंडी आणि बाजूला भट्टीचा धूर. या सगळ्याच्या शेवटी येतो न्यूमोनिया. सरकार शेवटचं पान वाचतं आणि बाकीचं पुस्तक फाडतं. आपण पूर्ण पुस्तक वाचायचं. पोर न्यूमोनियाने गेलं हे पण खरं, आणि भुकेने गेलं हे पण खरं. दोन्ही लिहायचं.

आणि तोपर्यंत जे पोर झोळीत आहे त्याचं काय? जमिनीचा निकाल लागेल, भूक जाईल, तेव्हा न्यूमोनिया पण कमी होईल, हे बरोबर आहे. पण ते पोर निकालापर्यंत थांबू शकत नाही. त्याच्यासाठी आजच गोळी पाहिजे.

आम्ही काय मागतो, काय करायचं

१९९५ पासून आदिवासी भागासाठी नवसंजीवन योजना आहे. कागदावर पुष्कळ आहे. आपण खालच्या गोष्टी मागायच्या, लेखी, आणि पोच घ्यायची.

एक. प्रत्येक पाड्यात एका माणसाकडे न्यूमोनियाची जंतूनाशक गोळी वर्षभर असली पाहिजे. पावसाळ्यात ओढ्याला पूर आला की नर्सबाई चार-चार दिवस येऊ शकत नाही. गोळी उपकेंद्राच्या कपाटात असून उपयोग नाही. ती कोणाला किती द्यायची याचं शिक्षण आरोग्य खात्याने द्यावं, आणि ते शिक्षण आपण घ्यावं. शिकल्याशिवाय कोणी गोळी देऊ नये, एकाची उरलेली दुसऱ्याच्या पोराला देऊ नये, आणि पोराला बरं वाटलं म्हणून मध्येच बंद करू नये.

दोन. आरोग्य केंद्रात डॉक्टर नसला तर त्या दिवशी कोण बघणार, हे दारावर लिहिलं पाहिजे. मोठ्या दवाखान्यात न्या म्हणताना गाडी पण त्यांनीच द्यायची. चिठ्ठी देऊन हात झटकायचे, हे चालणार नाही.

तीन. भट्टीवर गेलेल्या घरांतली पोरं पण पोरंच आहेत. तिथे लस आणि गोळी पोचली पाहिजे.

चार. पाच वर्षांखालचं पोर मेलं तर घरी येऊन आई-बापाला विचारून कारण लिहायचं. कचेरीत बसून 'सर्दी-ताप' लिहायचं नाही.

आणि आपलं आपण काय करायचं? प्रत्येक पाड्यातून दोन माणसं ठरवा, त्यात एक तरी बाई पाहिजे. सुईण असेल तर फारच चांगलं. एक वही करा. जशी प्लॉटची वही केली, नाव, वडिलांचं नाव, किती जमीन, कोणत्या सालापासून, तशीच ही: पोराचं नाव, वय, मोजलेला श्वास, तारीख, कुठे नेलं, काय झालं. पोर गेलं तर ते पण लिहायचं, आणि त्या घरात त्या महिन्यात धान्य किती होतं, मजुरी मिळाली होती का, हे पण लिहायचं. फॉरेस्टवाल्याच्या दंडाच्या पावत्या आपल्याच विरुद्ध फाडल्या होत्या, आज त्याच आपला पुरावा झाल्या. ही वही तर आपण आपल्या हाताने लिहिणार आहोत.

आमच्यापुरतं आम्ही ठरवलं आहे. यापुढे कार्यकर्ता ज्या घरी अर्जाला, वर्गणीला, मोर्चाचं सांगायला जाईल, तिथे झोळी असेल तर आधी झोळीत बघायचं. पोर खोकत असलं किंवा गप्प असलं तर मिनिटभर मोजायचं. अंगठा नंतर.

त्या पोरीच्या आईला आम्ही जाऊन भेटलो. हा कागद लिहायच्या आधी तिला विचारलं, लिहू का. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "लिवा. पण मोजायचा कसा तो मला पण दाखवा. माझी मोठी अजून दोन वर्साची हाय." आम्ही तिला दाखवलं. तिने पोरीला मांडीवर घेऊन मोजलं. मिनिटात अठ्ठावीस आले. तिने परत एकदा मोजलं, स्वतःच्या खात्रीसाठी.

पुढच्या अमावस्येच्या बैठकीत जेवणाआधी सगळ्यांना श्वास मोजायला शिकवणार आहोत. ज्याच्याकडे सेकंदकाट्याचं घड्याळ आहे त्याने घेऊन यावं. ज्या बायांच्या कडेवर तान्ही पोरं आहेत त्यांनी पोरांना घेऊन यावं, शिकायला त्यांचीच गरज आहे. प्लॉटच्या वहीबरोबर नवी वही त्याच दिवशी वाटली जाईल.

जिंदाबाद!